पुरेबाईची खोली

दोन विटा हातात घ्यायच्या आणि एकमेकींवर आपटायच्या. खणखणीत वाजल्या तर भाजल्या. बद्द वाजल्या तर आतून अजून मातीच.

*

"ओल टाळा." डॉक्टरनं औषधांच्या चिठ्ठीवर सगळ्यांत खाली ही ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

*

मशीनवालीची सुई एका आठवड्यात तीनदा मोडली. घराची मागची भिंत फुगून आत आली होती. कापड ओढताना कोपर भिंतीला लागायचं आणि शिवण तिरकी जायची.

*

विटांची माती काढायच्या दरडीजवळचा हद्दीचा दगड दोन हात सरकला होता. कोणी सरकवला हे दोघा भावांना पक्कं माहीत होतं. दोघांना वेगवेगळं माहीत होतं.

*

"आणखी घे की."

"पुरे."

"अर्धी तरी."

"पुरे म्हटलं ना."

*

मरताना बापानं दोन मुलांना दोन साचे दिले. एकाच लाकडाचे, एकाच मापाचे, दोन्हींच्या तळाशी एकच खूण, अर्धा चंद्र. विटा पाडून झाल्या की कुठली कोणाची हे त्या विटांनाही सांगता आलं नसतं.

*

चैत्रात पाऊस पडत नसतो.

बारा बाय दहा

थोरल्यानं चार खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. घराच्या मागच्या भिंतीला लागून, बारा फूट लांब, दहा फूट रुंद. दोरीच्या कडेनं भट्टीतली राख मुठीतून सोडत तो फिरला. मग बायकोला हाक मारली.

"ये, आत ये."

ती राखेवरून पाय उचलून आत आली, आणि जिथं दार यायचं होतं तिथूनच आली.

"इथं तुझी खाट," तो म्हणाला. "इथं कपाट. इथं खिडकी. खालीसुद्धा वीटच घालणार. मातीची जमीन नावाला ठेवणार नाही."

"कपाटात काय ठेवायचं?"

"काय म्हणजे? कपडे."

"दोन जोड?"

"मग आणखी शिवू."

"कपाट भरायला कपडे शिवायचे?" ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला थांबेपर्यंत तो एका खुंटीची गाठ सोडून परत बांधत राहिला.

सगळे तिला पुरेबाई म्हणायचे. ताटात वाढताना, डोक्यावर विटा चढवताना, दुकानात तेल ओतून घेताना ती समोरच्याच्या आधी पुरे म्हणायची. मूलबाळ झालं नाही तेव्हा बायकांनी काय काय उपाय सांगितले. दोन वर्षं तिनं सगळे केले आणि मग त्यांनाही पुरे म्हणाली. नाव चिडवायला पडलं होतं, पण तिला ते लागलं नाही, म्हणून चिडवणं गेलं आणि नाव राहिलं.

घर एका खोलीचं, नदीच्या अंगाला. पावसाळ्याचे चार महिने जमीन खालून पाझरायची. सकाळी अंथरूण उचललं की माणसाच्या आकाराचा ओला डाग दिसायचा. तीस वर्षं विटांच्या मातीचा गारा तुडवून आणि भट्टीचा धूर पिऊन तिची छाती भरलेली. मागच्या पावसाळ्यात ती दोनदा जाता जाता राहिली होती. आणखी एक पावसाळा त्या जमिनीवर काढला तर बाई उठायची नाही, असं डॉक्टर थोरल्याला बाजूला घेऊन म्हणाला होता.

अर्ध्या गावाची घरं थोरल्याच्या विटांची होती आणि त्याचं स्वतःचं मातीचं होतं. यावर गावात एक विनोद होता, त्याच्यासमोर कोणी सांगत नसे. दर वर्षी तो म्हणायचा, यंदा शेवटचा ढीग विकायचा नाही, खोलीला ठेवायचा. दर वर्षी शेवटच्या ढिगाला कोणीतरी यायचं. कोणाची भिंत अडलेली असायची, कोणाचं लग्नघर. यंदा त्यानं शेवटच्या साडेतीन हजार कच्च्या विटा वाळत घातल्या आणि गावात सांगून टाकलं की ह्या माझ्या आहेत, विचारायला येऊ नका.

वाळवणीचं आवार दोघा भावांचं एकत्रच होतं. दरडीच्या भांडणानंतर सात वर्षं बोलणं बंद होतं, पण आवार वाटायला कोणी आलं नव्हतं. थोरल्याचा ढीग, त्याच्या पलीकडे दहा पावलांवर धाकट्याचा. धाकट्याच्या विटा गावच्या विहिरीसाठी होत्या. विहिरीचा काठ आतून ढासळत चालला होता. पावसाआधी बांधून काढला नसता तर पहिल्या पुराच्या पाण्यानं अख्खी विहीर बुजली असती.

थोरला बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता, त्या दुपारी ढग आले.

टेम्पोतून उतरले तेव्हा गुडघ्यापर्यंत पाणी वाहत होतं आणि मधूनमधून गारा पडत होत्या. थोरला तिला एका पडवीत उभी करून धावत सुटला. त्याची ताडपत्री घरात होती, घडी घालून, कुलपात. चैत्रात कोण ताडपत्री बाहेर काढतो?

आवारात पोचला तेव्हा त्याला आधी काही कळलंच नाही. त्याच्या ढिगावर निळी ताडपत्री होती. चारी बाजूंनी दगड ठेवलेले, वरून दोर घेतलेला. ताडपत्री धाकट्याची होती. तिला मधोमध खताच्या गोणीचं ठिगळ होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. आणि पलीकडे, दहा पावलांवर, तीन हजार विटांच्या जागी गाऱ्याचा एक उतरता ढिगारा होता. त्यातून लाल पाणी नदीकडे चाललं होतं. धाकटा त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. पाठीवर गारा पडत होत्या तरी उठला नव्हता.

थोरल्यानं ताडपत्रीचा कोपरा उचलून आत हात घातला. हात कोरडा बाहेर आला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरल्यानं कोपरा परत नीट दाबला, वर दगड ठेवला आणि घरी गेला.

"चुकला," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. डोकं पुसताना त्याचा आवाज पंच्यातून येत होता. "घाईत ढीग चुकला त्याचा. खूण एकच. माझ्यावर टाकून बसला."

"त्याच्या गेल्या?"

"सगळ्या. एक उरली नाही."

"आणि आपल्या?"

"आपल्या कोरड्या ठाक." तो हसला. सात वर्षांत भावाच्या नावावर तो पहिल्यांदा हसत होता. "देव पण काय चीज आहे बघ."

ती अंगावर कांबळं घेऊन बसली होती. बराच वेळ तिनं खोकला दाबून धरला, कारण तिला बोलायचं होतं.

"मग अर्ध्या त्याच्या," ती म्हणाली.

"कशा?"

"ताडपत्री त्याची."

"मी सांगितलं होतं टाक म्हणून?"

"नाही. तुम्ही सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. अर्ध्या त्याच्या."

आठ बाय सहा

तरी भट्टी थोरल्यानं आपलीच म्हणून रचली. बायको बोलली ते त्यानं ऐकलं नाही असं ठरवलं होतं. ती वीट उचलू शकत नव्हती, म्हणून खाली बसून विटा त्याच्या हाताशी सरकवायची. दोन सरकवल्या की थांबायची, तळहात छातीवर ठेवायची, परत दोन. तो म्हणायचा जा घरी, ती म्हणायची घरी तरी काय करू. लाकूड, भुसा, मग वरून मातीचा लेप. पाच दिवस भट्टी धुमसली. पाच दिवस तो तिथंच जेवला आणि तिथंच पडला. सहाव्या दिवशी धूर पांढरा झाला. मग निवायला आठ दिवस.

विटा उतरवल्या तेव्हा तीन हजारांच्या आसपास चांगल्या निघाल्या. त्या वाजवायचं काम तिचं. लग्न झाल्यापासून तिचंच होतं. तिच्यासारखा कान भट्टीवर कोणाला नव्हता. ती एका उलट्या घमेल्यावर बसून दोन दोन विटा वाजवत होती आणि थोरला वाहून नेत होता. चार-पाच फेऱ्या झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती दोन ढीग लावते आहे. दोन्हीकडे सारख्या. चांगली इकडे, चांगली तिकडे. जराशी वाकडी इकडे, जराशी वाकडी तिकडे.

"हे काय?"

"काय असणार?"

"अगं, खोली तुझी आहे. माझी नाही."

"म्हणून तर," ती म्हणाली. "माझी आहे म्हणून मी सांगते केवढी ते."

त्यानं हातातली वीट खाली टाकली. ती फुटली नाही, इतकी चांगली भाजली होती.

"तो चुकला होता! कळतं का तुला? त्यानं दिल्या नाहीत, चुकला!"

"चुकला असेल. पण भिजल्या त्याच्या." तिनं पुढच्या दोन विटा वाजवल्या. "आपल्याला काय करायचं बारा बाय दहाला? नाचायचंय?"

दुसऱ्या दिवशी धाकटा हातगाडी घेऊन आला. बोलावणं त्याच्या वहिनीचं होतं. बरोबर विहीर बांधणारा गवंडीही होता. धाकट्यानं गाडी ढिगापासून लांबच उभी केली.

"वहिनी, मी मागितल्या नव्हत्या."

"भावजी, तुम्ही मागेपर्यंत पाऊस आला असता."

"अर्ध्यात विहीर होत नाही."

"जेवढी ढासळली तेवढी तरी होईल. उरलेली पुढच्या हंगामात."

धाकटा मान खाली घालून विटा भरू लागला. गवंडी मात्र थोरल्याकडे बघून हसला. "काय हो, सात वर्षांनी माया आली वाटतं? का दरडीची भरपाई?"

थोरल्यानं जन्मभर विटा विकल्या, पण स्वतःच्या आवारातून आपल्या विटा फुकट जाताना बघत उभं राहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. शेवटी तोही गाडीत विटा भरू लागला, पाठमोरा, कोणाकडे न बघता. दोघा भावांचे हात एका विटेवर आले तेव्हा दोघांनी ती सोडून दिली आणि वीट पायावर पडली. कोणाच्या पायावर ते दोघांनीही दाखवलं नाही.

संध्याकाळी घरामागे आला तर ती खुंट्या उपटून आत ठोकत होती. एक ठोका, मग दम. मग एक ठोका.

"सोड, मी करतो," तो म्हणाला. "किती?"

"आठ बाय सहा. हिशेब केलाय मी, बसतं. खिडकी जरा मोठी ठेवा."

"मोठी कशाला?"

"जेवढी खिडकी तेवढ्या विटा वाचतात."

"मग चारी बाजूंनी खिडकीच ठेवू. भिंती कशाला हव्यात?"

"चालेल," ती म्हणाली. "पण पाऊस येतो ना आत."

त्याला हसायचं नव्हतं. तरी हसला.

सात बाय साडेचार

वाऱ्याच्या एका दुपारी मशीनवालीच्या मागच्या भिंतीनं अखेर मान टाकली. बाई एकटीच राहायची, दोन गल्ल्या पलीकडे. लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. भिंत पडली तेव्हा ती नळावर होती, म्हणून वाचली. मशीनचं फक्त चाक वाकलं.

बातमी थोरल्यानंच घरी आणली आणि आणल्याबरोबर त्याला पस्तावा झाला. पुरेबाई नव्या खोलीसाठी आणलेल्या खाटेवर पडून होती. ती वर आढ्याकडे बघत बोटं मोजू लागली.

"मोजू नकोस," तो म्हणाला.

"तीनशे लागतील."

"मोजू नकोस म्हटलं!"

"अडीचशेतही होईल, अर्ध्या विटेची भिंत घातली तर."

"गावातल्या सगळ्या पडक्या भिंती आपल्याच नावावर लिहिल्यात का? दुसरा कोणी नाही? सावकाराच्या अंगणात नुसत्या पडून आहेत, त्यांच्यावर कुत्री झोपतात!"

"त्याला अजून पुरल्या नसतील," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि त्या माणसाची जरा कीवही येत होती.

थोरला तावातावानं मशीनवालीकडे निघाला. बाईला समजावून सांगू, पुढच्या हंगामात देऊ, आत्ता आमचंच अडलंय. दारात पोचला तेव्हा ती पडलेल्या भिंतीच्या जागी चादर टांगून, हातानं वाकडं चाक फिरवत शिवत बसली होती.

"बाई, आमच्या विटांचं असं आहे," त्यानं सुरुवात केली.

"कुठल्या विटा?" ती म्हणाली. "मी कुठं मागितल्या? अहो, तिच्यासाठी आहेत त्या, मला ठाऊक नाही का? बसा. पाणी देऊ?" मग तिनं सुईखालचं कापड त्याला दाखवलं. "गादीची खोळ आहे. तिच्या नव्या खोलीसाठी. तिला सांगू नका, ती पुरे म्हणेल."

तो पाणी न पिता परत आला. वाटेत दोनदा थांबला. आवारात आला आणि काही न बोलता गाडीत तीनशे विटा भरू लागला. मन मात्र एवढं मोठं झालं नव्हतं. तो वाकड्यातल्या, कोपरा उडालेल्या, रंगाला फिक्या बघून घालत होता. खाट तिनं दाराशी ओढून घेतली होती. तिथून तिला शेजारचं आवार दिसत नव्हतं, पण विटेवर वीट पडल्याचा आवाज येत होता.

"बद्द आली ती," ती आतून म्हणाली.

त्यानं लक्ष दिलं नाही. आणखी चार टाकल्या.

"ही पण बद्द. अहो, भिंत आहे ती. परत पडायला द्यायची का?"

तो गाडीच्या दांडीला टेकून उभा राहिला. मग एकेक बद्द वीट उचलून परत ठेवली आणि चांगली घातली. ढीग कमी झाला तेव्हा त्यानं स्वतःच खुंट्या काढून आणखी आत ठोकल्या. सात फूट आणि साडेचार फूट. आत एक खाट, आणि खाटेच्या कडेला एक माणूस बसेल एवढी जागा. राखेच्या आधीच्या दोन चौकटी अजून पुसट दिसत होत्या, एकीत एक.

"एवढ्यात मावशील?" त्यानं विचारलं.

ती दाराशी काठी धरून उभी होती. "मावणारी मी, बसणारे तुम्ही," म्हणायचं होतं तिला, पण खोकल्यानं शब्द मधेच तोडले. त्यानं पाठ चोळली. बरगड्या हाताला एकेक लागत होत्या, जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तशा.

बांधायला धाकटा आला. त्याला बोलावलं नव्हतं. एका सकाळी थापी आणि ओळंबा घेऊन तो पायाच्या चराशी उभा होता. गवंडीकाम त्याचं थोरल्यापेक्षा चांगलं होतं, हे सात वर्षांच्या भांडणातही थोरल्यानं नाकारलं नव्हतं.

दोघं बांधू लागले. बोलणं फक्त कामापुरतं. वीट. माल. वर घे. ओळंबा बघ. तिसऱ्या दिवशी भिंती कमरेएवढ्या आल्या. खाट आधीच आत आणून ठेवली होती, म्हणजे तिच्या मापानं खिडकी कुठं ठेवायची ते कळेल. पुरेबाई खाटेवर पडून दोन्ही बाजूंच्या भिंती वाढताना बघत होती.

थोरल्यानं माल कालवता कालवता विचारलं, "ढीग चुकलास ना रे त्या दिवशी?"

धाकट्यानं थापीच्या टोकानं सांधा साफ केला. "दुपारी दोनची वेळ होती. डोळे आहेत मला."

"मग?"

"मग काय. ताडपत्री एक. तुमच्या दाराला कुलूप. तोडायला वेळ नव्हता." त्यानं पुढची वीट लावली, थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकली. "माझ्या विटांवर गाव होतं. गाव कुठूनही आणेल विटा. तुझ्यावर वहिनी होती."

थोरल्याचा फावड्यावरचा हात थांबला. माल सुकायला लागला.

"पाणी घाल," धाकटा म्हणाला. "घट्ट होतोय."

थोरल्यानं पाणी घातलं. जास्त झालं. धाकट्यानं तसाच वापरला.

खाटेवरून आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं?"

"तू म्हणालीस चुकला असेल," थोरला म्हणाला.

"तुम्हाला तेवढंच झेपलं असतं म्हणून."

धाकटा हसला. थोरला वाकून माल कालवत राहिला, आणि कितीतरी वेळ त्यानं मान वर केली नाही.

शेवटी विटा कमी पडल्याच. दार तीन फुटांऐवजी दोन फुटांचं केलं, कारण घरात तेवढीच एक जुनी फळी होती. पत्रा उतरता टाकला, पुढून सहा फूट, मागून सात. खाली वीट घातली, सांधे भरले. धाकट्यानं जमिनीला तळहात लावून बघितला. "कोरडी राहील," तो म्हणाला. "दादा, पूर आला तरी."

दादा हा शब्द सात वर्षांनी आला होता. दोघांनीही तो ऐकलाच नाही असं केलं.

साडेसहा बाय तीन

पुरेबाई त्या खोलीत अकरा दिवस राहिली.

सकाळी खिडकीतून ऊन थेट तिच्या पायांवर यायचं. तिला त्याचं इतकं कौतुक की मशीनवाली आली की आधी तिला पाय दाखवायची. खोळ तिनं घेतली. पुरे म्हणाली नाही. थोरला कडेच्या जागेत भिंतीला पाठ लावून बसायचा. गुडघे खाटेच्या माच्याला टेकायचे. इतक्या जवळ बसून बोलायची सवय दोघांना नव्हती. घरात कोणीतरी नेहमी कामात असे, दुसऱ्या कोपऱ्यात असे.

"मोठी असती तर तुम्ही तिकडे बसला असता," ती म्हणाली. "लांब."

"मोठी असती तर श्वासाला हवा आली असती."

"हवा खिडकीतून येते. खोलीतून कुठं येते?"

आठव्या दिवशी ती जेवेना. दोन घोट पेज घेतली आणि हात आडवा धरला. त्यानं चमचा तसाच धरून ठेवला.

"एवढ्यानं कसं होईल?"

तिनं मान हलवली. शब्द तिनं उच्चारला नाही, पण त्याला ऐकू आला.

अकराव्या दिवशी, सकाळचं ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढलेलं असताना ती गेली. तो शेजारीच होता. त्याला वाटलं खोकला थांबला, बरं झालं, झोपू दे. म्हणून अर्धा तास तो हलला नाही.

माणसं जमली. खाटेसकट बाहेर आणायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की खाट बाहेर निघत नाही. भिंती तिच्याभोवती उठल्या होत्या. आडवी करून दाराकडे वळवावी तर साडेचार फुटांत साडेसहा फूट वळत नव्हते, उभी करावी तर पत्रा लागत होता. चार पुरुष आत शिरून एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. कोणीतरी म्हणालं, गवंडी म्हणवता आणि दार बघितलं नाही? एकजण हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"दोन ओळी काढतो," धाकटा पहार घेऊन आला. "दाराच्या बाजूची भिंत उसवतो, दादा. पुन्हा बांधून देईन."

"नको," थोरला म्हणाला.

"अरे, मग कसं?"

"सरका सगळे."

तो आत गेला. तिला दोन्ही हातांवर घेऊन, आधी स्वतःचा खांदा, मग तिचं डोकं, असा तिरका होत दारातून बाहेर आला. ओल्या विटांची घमेली त्यानं जन्मभर उचलली होती. तिचं वजन एका घमेल्याहून कमी भरलं. दाराच्या कडेला तिचं कोपर घासलं तेव्हा तो थांबला, आणि सवयीनं तिला विचारणार होता, लागलं का.

सात बाय साडेचार, पुन्हा

पाऊस सुरू झाला. जुन्या घराची जमीन पाझरू लागली. थोरला तिथंच झोपायचा. नव्या खोलीचं दार त्यानं ओढून घेतलं होतं. धाकटा रोज एक चक्कर मारायचा. विहिरीचा अर्धा काठ टिकलाय म्हणायचा, थोडा वेळ उकिडवा बसायचा आणि जायचा. एकदा म्हणाला, "दादा, त्या खोलीत तरी झोप. अंथरूण भिजतंय तुझं." थोरला म्हणाला, "मला चालतं."

एका दुपारी मशीनवाली आली. डोक्यावर पोतं, कडेला कापडांचं गाठोडं. म्हणाली, खोळीची उरलेली चिंधी द्यायला आले. दिली, पण गेली नाही. तिच्या नव्या भिंतीला काही झालं नव्हतं, पण जुना पत्रा चार ठिकाणी गळत होता. मशीन ती घरभर सरकवत फिरत होती, आज ह्या कोपऱ्यात, उद्या त्या. लोकांचे कपडे भिजत होते. हे सगळं तिनं सांगितलं नाही. तिच्या बोटांना मशीनचा गंज लागला होता, तो थोरल्याला दिसला.

ती नव्या खोलीच्या दाराकडे बघत नव्हती. बघायचं नाही म्हणून मान इतकी वळवून उभी होती की मानेची शीर ताठ झाली होती.

थोरला उठला. दार उघडून आत गेला. आत तिच्या छातीला लावायच्या मलमाचा वास तसाच होता. कोंडून ठेवल्यामुळे जास्तच. जमीन कोरडी होती. त्यानं तळहात टेकवला, बराच वेळ ठेवला, मग उचलून बघितला. कोरडा.

तो खाटेवर बसला. बाहेर बाई पावसात उभी आहे हे त्याला कळत होतं, आणि तिला आत ये म्हणायला तोंड उघडत नव्हतं. ह्या खोलीत दुसऱ्या कोणाचं काही आलं की हा वास जाणार. दोन दिवसांत जाणार. तेलाचा, कापडाचा, दुसऱ्या माणसाचा वास येणार. एवढं एकच त्याच्याकडे शिल्लक होतं. ते किती दिवस पुरेल याचा अंदाज घ्यावा तसा त्यानं श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

मग खाली बसून खाटेची नवार सोडायला लागला. पायथ्याकडची गाठ घट्ट आवळली होती, ती दातांनी सोडवावी लागली. पट्टी एकेक करून ओढून काढली आणि गुंडाळी केली. दगडानं ठोकून माचे पायांतून सुटे केले. दोन लांब, दोन आखूड, चार पाय. सुटी झाल्यावर खाट दोन फुटांच्या दारातून सहज बाहेर आली. चार फेऱ्या झाल्या.

"बाई," तो म्हणाला, "मशीन घेऊन या."

"अहो, नको. तिची खोली ती."

"मग तीच काय म्हणाली असती ते तुम्हीच सांगा."

मशीनवालीनं पदरानं तोंड दाबलं. "किती दिवस ठेवू?"

पावसाचं पाणी पत्र्यावरून सरळ रेषेत खाली पडत होतं. "खिडकीपाशी ठेवा," तो म्हणाला. "सकाळचं ऊन तिथं चांगलं येतं."

मशीन धाकट्यानं डोक्यावरून आणली. चाक अजून वाकडंच होतं. फिरताना दर वेळी एकदा खट् व्हायचं. त्या दुपारपासून थोरला जुन्या घरात बसून तो आवाज ऐकायचा. भिंतीपलीकडे खट्, मग शिवण, मग खट्. तो मोजायचा नाही. संध्याकाळी अंथरूण घालताना जमिनीवरचा ओला डाग टाळून जरा कडेला घालायचा. डाग एकाच माणसाचा होता, त्यामुळे कडेला जागा होती.

पुरेबाईच्या माहेरच्या घराला सात खोल्या होत्या. त्यातली कोपऱ्यातली, विटांच्या जमिनीची, लग्नाच्या दिवसापर्यंत तिची एकटीची होती.